गोठ्यातली वाळूमाशी काय सांगते?



2024 च्या पावसाळ्यात गुजरातेत चांदीपुरा तापाने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आपल्या भागातही तपासणीची पथकं फिरली. आमच्या गटातल्या एका काकूंच्या गोठ्यात त्या लोकांनी संध्याकाळी एक छोटा दिवा टांगला. दिव्याखाली इवलासा पंखा, पंख्याखाली जाळीची पिशवी, बाजूला बॅटरी. सकाळी येऊन पिशवी सोडवून घेऊन गेले. पुढच्या मासिक बैठकीत बचतीचे पैसे गोळा व्हायच्या आधीच काकूंनी विचारलं, "बाई, आजवर माणसं माशा मारायला यायची. हे लोक पकडून नेतात. त्यांचं काय लोणचं घालतात?"

सगळ्या हसल्या. उत्तर मात्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मग आम्ही आरोग्यसेविकेला विचारलं, हिवतापाच्या कामावर असलेल्या माणसांना विचारलं, मिळेल ते वाचलं. आज तेच सांगणार आहोत. आणि काकू, तुमचं उत्तर आधी देऊन टाकतो: हो, एका अर्थी लोणचंच घालतात. पकडलेल्या माशा स्पिरिटात बुडवून बाटलीत ठेवतात, म्हणजे त्या सडत नाहीत आणि लांबच्या प्रयोगशाळेपर्यंत नीट पोचतात.

ही माशी म्हणजे आपली जेवणावर बसणारी माशी नव्हे. हिला वाळूमाशी म्हणतात, इंग्रजीत सँडफ्लाय. डासाहून लहान, दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी समजा. अंगावर केस, रंग मातकट, बसली की पंख उभे धरते. ती गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत कळत नाही. उडण्यापेक्षा भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनही आत शिरते. आणि डासासारखं हिला साचलेलं पाणी लागत नाही. गोठ्यातली ओलसर माती, शेणाचा चुरा, भिंतीच्या फटी, पालापाचोळा, असल्या जागी ती अंडी घालते. म्हणजे डबकी बुजवली, टाक्या कोरड्या केल्या, तरी हिचं काही बिघडत नाही. चावते फक्त मादी, कारण अंडी पिकायला तिला रक्त लागतं.

चांदीपुरा हे नाव तर आपल्या नागपूरकडच्या गावाचं. 1965 साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो विषाणू पहिल्यांदा सापडला, पुण्याच्या प्रयोगशाळेने शोधला. काकूंच्या गोठ्यातल्या माशांत पथक त्याचाच माग काढत होतं. पण वाळूमाशीच्या पोटात आजार कसा शोधतात, याची खरी मोठी गोष्ट बिहारची आहे. तिथे विषाणू नाही, तिथे शोधायचा असतो परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा बारीक जीव. त्याच्यामुळे होतो काला आजार. म्हणून आजचा बराच वेळ आपण बिहारमध्ये राहू.

काला आजारात ताप दोन-दोन आठवडे हटत नाही. पोटात डाव्या बाजूला पाणथरी सुजते, पोट पुढे येतं आणि हातपाय काड्या होतात. रक्त कमी होतं, भूक जाते, अंगाचा रंग काळवंडतो, त्यावरून नाव पडलं. उपचार झाला नाही तर बहुतेक वेळा माणूस जातो. आजार गरिबाघरचा. मातीच्या भिंती, त्याच छपराखाली जनावर, जमिनीवर अंथरूण. बिहारमधल्या मुसहर वस्त्यांनी तो सगळ्यात जास्त सोसला आहे. झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्वेकडच्या काही भागांतही तो आहे. आपल्याकडे तो मुक्कामाला नाही, पण तिकडून कामाला आलेल्या माणसांत मुंबईतल्या दवाखान्यांत तो सापडलेला आहे.

आता माशी पकडण्याकडे येऊ. दिव्याचा सापळा तुम्हाला सांगितलाच. संध्याकाळी लावतात, पहाटे काढतात. माशी दिव्याकडे येते आणि पंख्याच्या वाऱ्याने पिशवीत ओढली जाते. दुसरी पद्धत जास्त कष्टाची. पहाटे बॅटरी घेऊन घराच्या आणि गोठ्याच्या भिंतीचा कोपरा न् कोपरा बघायचा. माशी दिसली की तिच्यावर काचेची नळी धरायची आणि मागच्या रबरी नळीतून तोंडाने हलकाच श्वास ओढायचा. मध्ये बारीक जाळी असते, नाहीतर माशी थेट तोंडात! तिसरी पद्धत ऐकून तर आमच्या बैठकीत आजीबाई खूश झाल्या: कागदाला एरंडेल तेल चोपडून भिंतीला लावून ठेवायचा. उड्या मारत आलेली माशी त्याला चिकटते.

पकडलेल्या माशांतून आधी नर बाजूला काढतात. भिंगातून पाहिलं तर नराच्या शेपटाकडे चिमट्यासारखे अवयव दिसतात, मादीला ते नसतात. मग जात ओळखायची. वाळूमाशीच्या जाती पुष्कळ. काला आजार पसरवणाऱ्या भारतातल्या जातीच्या लॅटिन नावाचा अर्थच 'चांदीच्या पायांची' असा आहे. दुसऱ्या काही जाती माणसापेक्षा पालीसरड्यांचं रक्त पसंत करतात. हे कशासाठी सांगतो ते थोड्या वेळाने कळेल.

खरं नाजूक काम यापुढे. सगळ्या माद्या उपयोगाच्या नसतात. जिच्या पोटात ताजं लाल रक्त आहे, तिने आताच कुणाला तरी चावलं आहे. त्या रक्तात परजीवी असला तरी तो तिच्या पोटात टिकेल की रक्ताबरोबर पचून जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून रक्त पचून गेलेली, पोटात अंडी भरलेली मादी निवडतात. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात ती मादी. एका सुईने छाती दाबून धरायची, दुसऱ्या सुईने शेपटाचं टोक हळूच ओढायचं. आतडं दोऱ्यासारखं बाहेर येतं. मोहरीएवढ्या माशीचं आतडं, मैत्रिणींनो! आपण सुईत दोरा ओवताना चष्मा शोधतो. मग वर पातळ काच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आत परजीवी असेल तर तो लांबट, एका टोकाला शेपटीसारखा धागा असलेला, वळवळताना दिसतो. माणसाच्या अंगात तो गोल, बिनशेपटीचा असतो. माशीच्या पोटात गेल्यावर शेपटी फुटते, एकाचे अनेक होतात, आणि आठवडाभराने ते तिच्या तोंडाच्या बाजूला येऊन गर्दी करतात. त्यानंतर ती ज्याला चावेल त्याच्या अंगात ते उतरतात.

इथे ती पालीची गोष्ट आडवी येते. पालीसरड्यांच्या रक्तातही याच कुळातले, पण माणसाला त्रास न देणारे परजीवी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वळवळणारे, दोन्ही शेपटीवाले. नुसतं बघून 'सापडला' म्हणणारा फसू शकतो. म्हणून माशीची जात आधी पक्की करायची आणि परजीवीचं नावगावही वेगळ्या तपासणीने पक्कं करायचं.

ती वेगळी तपासणी म्हणजे पीसीआर. करोनाच्या वेळी नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर केली, तिच्याच घराण्यातली. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची खूण असते, डीएनए. माशा वाटून त्यातला डीएनए काढतात आणि काला आजाराच्या परजीवीची खूण त्यात असली तर तिच्या लाखो प्रती काढतात, म्हणजे ती ओळखू येते.

माशा एकेक करून तपासायच्या तर जन्म जाईल. आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. इथे ते चालत नाही. भात सगळा एका आचेवर शिजतो, माशा तशा नसतात. रोगट गावातही परजीवी असलेली माशी विरळाच, शेकड्यांत एखादी किंवा तीही नाही. दहा माशा तपासून काही निघालं नाही, तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. म्हणून दहा-वीस माशांची मिळून एक नळी करतात. दूध संकलन केंद्रात कॅनमधला नमुना घेतात तसंच. कॅन चांगला निघाला तर आतलं सगळ्यांचं दूध चांगलं. खराब निघाला तर त्यात कुणाचंतरी खराब होतं एवढं कळतं, कुणाचं ते नाही.

पीसीआर हुशार आहे, पण तिलाही एक मर्यादा आहे. मेलेल्या परजीवीची खूणही ती 'आहे' म्हणूनच दाखवते. माशीने काल आजारी माणसाचं रक्त प्यायलं आणि आतला परजीवी मेला, तरी नळी होकार देते. त्या होकाराचा अर्थ एवढाच, की ही माशी परजीवी असलेल्या कुणालातरी चावली. ती पुढे आजार देणार का, हे वेगळं. आम्हाला हा भाग समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण आम्हाला वाटतं, हाच भाग नीट समजायला हवा. नाहीतर 'गावातल्या माशांत रोग सापडला' एवढं एक वाक्य गावभर होतं आणि त्या घरच्या पोरीबाळींशी कुणी बोलेनासं होतं.

वाळूमाशीच हा आजार देते हे तरी कसं कळलं? परजीवी 1903 साली कळला. लेशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी तो वेगवेगळा पाहिला, म्हणून दोघांचीही नावं त्याला मिळाली. 1924 साली कलकत्त्यात दिसलं, की काला आजाराच्या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या वाळूमाशीच्या पोटात तो वाढतो. झालं, चोर सापडला असं वाटलं. पण पुढे वर्षानुवर्षं प्रयोग करूनही त्या माशीच्या चाव्यातून कुणाला नीट आजार देऊन दाखवता येईना. कोडं सुटलं ते मनुकांमुळे. हो, आपल्या शिऱ्यातल्या मनुका! शास्त्रज्ञ माशांना एकदा रक्त दिल्यावर पुन्हा रक्तच देत होते. खरं तर वाळूमाशी एरवी झाडाफळांचा गोड रस पिऊन जगते. 1940 च्या सुमारास रक्तानंतर तिला मनुकांवर ठेवून पाहिलं, तेव्हा परजीवी इतके माजले की तिचा घसाच तुंबला आणि चावताना ते बाहेर पडू लागले. 1942 मध्ये आसामात, स्वतःहून तयार झालेल्या पाच माणसांना अशा माशा चावू दिल्या आणि पाचही जणांना लागण झाली. माशीवरचा आरोप सिद्ध झाला. त्या पाच जणांचा विचार मनातून जात नाही.

त्यानंतर हिवतापासाठी घरोघरी डीडीटी मारलं गेलं. त्यात वाळूमाशीही मेली आणि काला आजार जवळपास नाहीसा झाला. फवारणी थांबली, लोक विसरले. आणि 1977 च्या सुमारास उत्तर बिहारात लाखभर लोकांना तो झाला. मधल्या वर्षांत तो होता कुठे? तज्ज्ञांचं बोट जातं बऱ्या झालेल्या माणसांच्या कातडीकडे. काला आजार बरा झाल्यावर काही जणांना महिन्यांनी, कधी वर्षांनी, चेहऱ्यावर, हातांवर, अंगावर फिकट डाग किंवा गाठी येतात. ताप नाही, दुखत नाही, काम थांबत नाही. कोडासारखं किंवा कुष्ठासारखं दिसतं, पण कुष्ठाच्या डागासारखं बधिर नसतं. अशा कातडीत परजीवी जिवंत असतो.

कोणाकडून माशीला लागण होते, हे बिहारच्या मुझफ्फरपूरला अलीकडे मोठ्या चिकाटीने तपासलं गेलं. रानातल्या माशीबद्दल खात्री नसते, तिने आधी कुणाला चावलं कोण जाणे. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, कोऱ्या माशा घेतल्या. छोट्या डबीत घालून माणसाच्या कातडीला लावल्या, चावू दिल्या आणि काही दिवसांनी त्यांची पोटं तपासली. 2021 मध्ये निकाल छापून आला. काला आजाराचा ताप असलेल्या 77 जणांपैकी 42 जणांकडून माशांना लागण झाली. डागवाल्या 26 जणांपैकी 11 जणांकडून झाली. आणि 184 जण असे होते, की रक्ततपासणीत लागणीची खूण होती पण आजार काहीच नव्हता. त्यांच्यापैकी एकाकडूनही माशीला लागण झाली नाही. या शून्याची किंमत फार मोठी आहे. रक्ततपासणीत खूण निघाली म्हणून धडधाकट माणसाला कुणी वाळीत टाकायचं कारण उरलं नाही. आणि डाग लपवून घरात बसलेल्या बाईला शोधणं किती गरजेचं आहे, तेही कळलं. बाई डाग का लपवते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं. लग्न ठरलेलं असतं. नाहीतर मोडण्याची भीती असते.

2007 साली देशात 44 हजारांवर काला आजाराचे रुग्ण नोंदले गेले होते. 2023 मध्ये ते हजाराच्या आत आले. बोटाच्या टोकाचं रक्त घेऊन थोड्या वेळात कळणारी तपासणी आली, पूर्वी महिना महिना चालणाऱ्या इंजेक्शनांच्या जागी एका दिवसात सलाइनमधून देता येणारं औषध आलं. शेजारच्या बांगलादेशाला तर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काला आजार हटवल्याचं प्रमाणपत्र दिलं. मग आता माशा कशाला पकडायच्या? कारण रुग्ण कमी झाले की डॉक्टरांच्या मनातूनही आजार जातो. ताप आला की टायफॉइड म्हणतात. कागदावर शून्य दिसतं, पण ते आजार नसल्याचं शून्य की कुणी न बघितल्याचं, हे कागद सांगत नाही. माशीला टायफॉइड वाटत नाही आणि तिला लग्नाची भीती नाही. तिच्या पोटात खूण सापडली तर गावात कुठेतरी उपचार न झालेलं माणूस आहे, मग घरोघरी पुन्हा विचारत फिरायचं. अडचण अशी, की आजार जितका कमी तितक्या जास्त माशा तपासाव्या लागतात, हजारोंनी. आम्हाला विचाराल तर नुसत्या माशांनी भागणार नाही. दिव्याचा सापळा लावायला येणाऱ्या माणसाबरोबर एक आशाताई हवी, आणि तिने घरातल्या बाईला बाजूला घेऊन विचारायला हवं, "अंगावर कुठे डाग आहे का?"

याच माशा आणखी एका कामाला येतात. जिवंत माशी औषध लावलेल्या कागदाच्या नळीत तासभर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी किती मेल्या ते मोजायचं. अशा तपासण्यांतून दिसलं की बिहारच्या माशा डीडीटीला जुमानेनाशा झाल्या आहेत. मग 2015-16 पासून तिथे फवारणीचं औषधच बदललं. वाळूमाशी उंच जात नाही म्हणून भिंतीवर सहा फुटांपर्यंत फवारतात.

आणि इथे आपली सगळ्यांची एक चूक कबूल करायची आहे. फवारणीनंतर भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात, वास येतो. तिकडे दिवाळी आणि छठच्या आधी बायका भिंती मातीने लिंपतात. औषध मातीखाली जातं आणि माशी मजेत वर बसते. आम्ही वेगळं काय केलं? पथक आलं त्याच आठवड्यात पाहुणे येणार होते, म्हणून आमच्यातल्या दोघी-तिघींनी दुसऱ्याच दिवशी भिंती शेणाने सारवून काढल्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण आम्ही विचारलंही नव्हतं. काम सोपं आहे: सारवायचं असेल तर फवारणीच्या आधी सारवायचं. भांडी, पीठ, पाण्याचे हंडे बाहेर काढायचे आणि भिंतीला पुढचे दोन-तीन महिने हात लावायचा नाही. देवघर आणि बाळंतिणीची खोली सोडा, असंही आपण सांगतो. माशीला नेमकी तीच अंधारी, शांत खोली आवडते. गोठ्यातलं शेण रोज उचलायचं आणि भिंतीच्या फटी बुजवायच्या, एवढं तर बिनपैशाचं आहे.

परवाच्या बैठकीत हे सगळं सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "समजलं. पण माझ्या गोठ्यातल्या माशांत काय निघालं?"

ते आम्हाला कुणी कळवलेलं नाही. पिशवी नेली, वहीत घराचा नंबर लिहिला, त्यानंतर निरोप नाही. ज्या घराने गोठा उघडून दिला, त्या घराला दोन ओळींचा निकाल कळायला काय हरकत आहे? काकूंच्या नावाने अर्ज लिहिला आहे, खाली गटातल्या अकरा जणींच्या सह्या आहेत, एका आजींचा अंगठा. सोमवारी तो देऊन पोच घेतली. उत्तर आलं की याच कार्यक्रमात वाचून दाखवू.